एसएमपीएस उडाला: बाकीचा कॉम्प्युटर वाचलाय की नाही, हे क्रमाने कसं तपासायचं

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा (पुढे नुसता ‘सप्लाय’ही म्हटलंय), गेला की माणूस दोन गोष्टी हमखास करतो. आधी पॉवरचं बटण पुन्हा पुन्हा दाबून बघतो. मग बाजारातून मिळेल तो एसएमपीएस आणतो, सगळ्या वायरी एकदम खोचतो आणि देवाचं नाव घेऊन स्विच टाकतो. सप्लाय जाताना जे जळायचं ते जळून गेलेलं असतं, पण वाचलेलं सामान बऱ्याचदा या घाईत जातं. त्यातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे हार्ड डिस्क. तिची किंमत फार नसते, पण आतला डेटा परत मिळत नाही. मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), रॅम, प्रोसेसर दुकानात पुन्हा मिळतात. टॅलीचा डेटा आणि दहा वर्षांचे फोटो मिळत नाहीत. म्हणून खालचा सगळा क्रम एकाच हिशेबाने लावलाय: डिस्क शेवटी जोडायची.

हे सगळं असेंबल केलेल्या साध्या एटीएक्स (सगळीकडे चालणाऱ्या ठरीव कनेक्टरच्या) डेस्कटॉपसाठी आहे. डेल, एचपी, लेनोवोच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचा कनेक्टर असतो. तिथे तत्त्वं हीच लागू होतात, पण पिनांची जागा वेगळी असू शकते. त्या मशीनवर खालची तारेची चाचणी (हिरवी-काळी तार जोडून सप्लाय चालू करण्याची) करू नका.

प्लग काढा आणि आठवतंय ते लिहून ठेवा

भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग बाहेर काढा. मशीन यूपीएसवर असेल तर यूपीएसही बंद करा. धूर निघत असेल तर खिडक्या उघडा, पाणी मारू नका. एकदा जळका वास आला की तो एसएमपीएस संपला असं समजायचं. ‘थंड झाल्यावर एकदा लावून बघू’ हा विचार सोडून द्या.

मग आठवतंय तोवर लिहून काढा. आवाज आला का? एमसीबी पडला का? त्याच वेळी घरातले दिवे एकदम प्रखर झाले का? शेजाऱ्यांचा टीव्ही किंवा फ्रिज गेला का? विजा कडाडत होत्या का? आधीच्या आठवड्यात मशीन आपोआप रिस्टार्ट होत होती का? दुरुस्तीवाल्याला निम्मं निदान या उत्तरांतच मिळतं.

याचं कारण एसएमपीएसच्या रचनेत आहे. त्याच्या एका बाजूला भिंतीतून आलेले २३० व्होल्ट डीसी होऊन सव्वातीनशेच्या आसपास जातात. ॲक्टिव्ह पीएफसीचा (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट असलेला) सप्लाय असेल तर ३८० ते ४०० व्होल्ट. दुसऱ्या बाजूला बोर्डाकडे जाणारे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. मध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि दोन्ही बाजूंचा एकमेकींशी तारेने थेट संबंध नसतो. ‘फट्’ असा मोठा आवाज आणि पाठोपाठ एमसीबी पडणं, हा प्रकार बहुतेक वेळा भिंतीकडच्या बाजूचा. मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारी चिप) किंवा ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) शॉर्ट होतो, फ्यूज उडतो आणि ट्रान्सफॉर्मरपलीकडे काही पोचायच्या आत खेळ आटोपतो. घाबरवून सोडणाऱ्या या स्फोटात बोर्ड वाचलेला असण्याची शक्यता चांगली असते.

जास्त धास्ती मुकाट्याने बिघडणाऱ्या सप्लायची. रेग्युलेशन (व्होल्टेज ठरल्या जागी धरून ठेवणं) सुटतं आणि १२ व्होल्टच्या तारेवर १४-१५ येतात, किंवा स्टँडबायचे (मशीन बंद असतानाही चालू राहणारे) ५ व्होल्ट चढत जातात. ना आवाज, ना धूर. एक दिवस मशीन चालू होत नाही, आणि तोवर आतलं काय काय गेलंय त्याचा पत्ता नसतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज चढलं की सप्लाय स्वतःच बंद पडण्याची सोय असते. लोकल मालात ती पुष्कळदा नसते.

डबा उघडू नका

एसएमपीएसचा पत्र्याचा डबा उघडून आत बोट घालायचं नाही. आतला मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून राहू शकतो. तो उतरवणारा रेझिस्टर असतो, पण जळालेल्या सप्लायमध्ये तोच तुटलेला नसेल याची खात्री कोण देणार?

‘नुसता फ्यूज गेलाय, बदलून देतो’ म्हणणारेही भेटतात. फ्यूज स्वतःहून क्वचितच जातो. पुढे काहीतरी शॉर्ट झालेलं असतं म्हणून तो जातो. नवा फ्यूज टाकला तर तोही त्याच क्षणी जाईल. फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधून दिलेले एसएमपीएसही बाजारात फिरत असतात. तसला सप्लाय मशीनला लावण्यापेक्षा मशीन बंद राहिलेली बरी.

वॉरंटी चालू असेल तर उघडायचा प्रश्नच येत नाही, सील तुटलं की हक्क गेला. चांगल्या सप्लायवर पाच, सात, काहींवर दहा वर्षांची वॉरंटी असते आणि लोक ती विसरून जातात. बिल शोधा, डब्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा आणि कंपनीच्या साइटवर तपासा.

आधी भिंत तपासा

नवा सप्लाय आणण्याआधी जुना कशाने गेला ते बघायला हवं, नाहीतर नव्याचीही तीच गत होईल.

सोपं आधी. पॉवर कॉर्ड दुसरी लावून बघा, सॉकेट बदलून बघा, एक्स्टेन्शन बोर्ड मधून काढा. जुन्या सप्लायच्या मागे ११५/२३० असा लाल स्विच असतो, तो २३० वरच आहे ना बघा. घरातल्या लहान मुलाने तो ११५ वर सरकवला तर आपल्याकडच्या विजेवर सप्लाय क्षणात फुटतो.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की मंद दिवा लागतो आणि घरातले म्हणतात, ‘आमच्याकडे थोडा करंट येतोच.’ हा करंट फुकटचा येत नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरसाठी फेज आणि न्यूट्रल, दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले छोटे कॅपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत निघून जातो. ते नसेल तर पत्रा जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, लोंबकळत राहतो. प्रवाह थोडा असल्याने माणसाला सहसा धोका होत नाही, पण अशा मशीनला यूएसबी, प्रिंटर किंवा टीव्हीची एचडीएमआय केबल लावताना पोर्ट जायची भीती खरी आहे. झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नाही, एवढं पक्कं धरून चला.

मीटरने सॉकेट मोजायची सवय असेल तर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टच्या रेंजवर मोजा. फेज ते न्यूट्रल साधारण २३०, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. सवय नसेल तर वायरमनला बोलवा. सॉकेट ही शिकायला सुरुवात करायची जागा नव्हे.

दिवे एकदम प्रखर झाले होते आणि शेजारच्या घरात मंद, असं काही घडलं असेल तर दोष बहुधा तुमच्या घरात नाही. थ्री फेज लाइनचा न्यूट्रल कुठेतरी सुटला की घराघरांतलं व्होल्टेज लोडप्रमाणे विभागलं जातं. कुणाला १५०, कुणाला ३०० च्या वर, अगदी ४०० च्या जवळपासही. पावसाळ्याच्या तोंडावर खांबावरचे गंजलेले जोड सैल होतात तेव्हा हे जास्त होतं. महावितरणकडे १९१२ वर तक्रार करा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या आणि लाइन दुरुस्त होईपर्यंत फ्रिजसकट सगळं बंद ठेवा.

एसएमपीएस खरंच गेलाय का?

बऱ्याचदा सप्लाय धडधाकट असतो आणि पुढचं काहीतरी शॉर्ट झाल्यामुळे तो स्वतःला वाचवायला बंद होत असतो. याची खूण अशी: बटण दाबलं की पंखा जरासा हलतो आणि थांबतो. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. प्लग काढून थोडा वेळ थांबलं की पुन्हा तोच एक झटका. सप्लाय पूर्ण मेलेला असेल तर हा झटकाही येत नाही.

खात्री करण्यासाठी एसएमपीएसच्या सगळ्या वायरी आतल्या सामानापासून सोडवा. सगळ्या म्हणजे सगळ्या: बोर्डाचा २४ पिनी कनेक्टर, प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनी, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, डीव्हीडी, कॅबिनेटचे पंखे. सोडवण्याआधी फोटो काढून ठेवा. ज्या सप्लायला जळका वास येतोय किंवा ज्याने एमसीबी पाडला, त्यावर ही चाचणी करायची नाही. तो सरळ बाजूला.

एक साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल, काहीशे रुपयांत मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, किंवा गावातलं कुठलंही इलेक्ट्रिकचं दुकान. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा.

प्लग लावा आणि मागचा स्विच चालू करा. २४ पिनी कनेक्टरची जांभळी तार आणि कुठलीही काळी तार यांच्यात ५ व्होल्ट आले पाहिजेत. हा स्टँडबाय, मशीन ‘बंद’ असतानाही तो चालू असतो. इथेच शून्य असेल तर सप्लाय गेला, पुढे मोजायची गरज नाही. ५.२५ च्या वर असेल तरीही गेलाच समजा, आणि मग बोर्डाबद्दल शंका धरा. यूएसबी, लॅन आणि चिपसेटचा काही भाग याच तारेवर जगतो.

स्टँडबाय बरोबर असेल तर स्विच बंद करा. पेपर क्लिप किंवा वायरचा छोटा तुकडा घेऊन हिरवी तार आणि शेजारची काळी जोडा, मग स्विच चालू करा. हल्ली बऱ्याच सप्लायमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथे हिरवी ओळखायची अशी: २४ पैकी एक खाच बहुतेक वेळा रिकामी असते. ती ज्या रांगेत आहे त्याच रांगेत बघा. रिकाम्या खाचेच्या एका बाजूला चार पिना असतात, दुसऱ्या बाजूला सात. सातच्या बाजूने सरकत जा: पहिल्या तीन काळ्या, चौथी हिरवी. दोनदा मोजा, मगच तार घाला. जुन्या सप्लायमध्ये ही खाच भरलेली असू शकते, पण त्यांच्या वायरी रंगीतच असतात.

सप्लाय चालू झाला की मोजा. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. राखाडी तार ‘सगळं ठीक’ सांगणारी, चालू झाल्यावर पाव-अर्ध्या सेकंदात तिच्यावर ५ च्या आसपास यायला हवेत. पंखा फिरला नाही म्हणून लगेच निकाल लावू नका, काही नव्या मॉडेलमध्ये लोड वाढल्याशिवाय पंखा फिरतच नाही.

आकडे चुकीचे असतील तर सप्लाय खराब, यात वाद नाही. आकडे बरोबर आले तर तो चांगला आहे असं मात्र सिद्ध होत नाही. लोडशिवाय १२.१ दाखवणारा म्हातारा सप्लाय ग्राफिक्स कार्ड लागल्यावर ११ वर बसतो, आणि कॅपॅसिटर सुकल्यामुळे वाढलेला रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) मीटरला दिसतच नाही. दुकानातला दिवे लागणारा टेस्टरही याहून फार काही सांगत नाही.

एक सक्त मनाई: संशयास्पद सप्लाय ‘तपासायला’ म्हणून भावाच्या चांगल्या मशीनला लावायचा नाही. उलट करता येतं. चांगल्या कंपनीचा चालू सप्लाय संशयित बोर्डाला लावला तर शॉर्ट असल्यास तो बहुधा स्वतः बंद होतो, जळत नाही.

बोर्ड: नाकाने, डोळ्याने, मीटरने

प्लग काढलेला. कॅबिनेट आडवं करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. प्रोसेसरभोवतीच्या चौकोनी कॉइल आणि त्यांच्या शेजारच्या काळ्या चिपा आधी बघा. चिपेच्या डोक्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्याभोवती तपकिरी डाग किंवा फुगवटा दिसला तर ती मॉस्फेट जळलेली आहे. कॅपॅसिटरचं वरचं टोक सपाट हवं, फुगलेलं किंवा तळाशी चिकट द्रव सांडलेलं नको. २४ पिनी आणि ८ पिनी सॉकेटचं प्लास्टिक पिवळट किंवा वितळलेलं आहे का, तेही बघा. नाक जवळ न्या. जळक्या चिपेचा वास कित्येक दिवस राहतो आणि नेमकी जागा सांगतो.

मग मीटर रेझिस्टन्सवर. प्रोसेसरजवळच्या ८ पिनी सॉकेटमध्ये पिवळी तार जिथे येते ती पिन आणि ग्राउंड यांत मोजा. चांगल्या बोर्डावर आकडा शेकड्यांत किंवा हजारांत जातो आणि कॅपॅसिटर चार्ज होताना चढत जातो. एक-दोन ओहम आले आणि बीप वाजत राहिला तर १२ व्होल्टची लाइन शॉर्ट आहे. २४ पिनी सॉकेटवर १२, ५ आणि ३.३ च्या पिनांनाही असंच मोजा. ग्राफिक्स कार्डाला वेगळी पॉवर येत असेल तर कार्ड बाहेर काढून त्याच्या सॉकेटवरही.

इथे हमखास गोंधळ होतो. प्रोसेसरच्या कॉइलवर मोजलं तर एखादा ओहम, कधी त्याहूनही कमी येतो. तो शॉर्ट नाही. प्रोसेसरचा आणि मोठ्या जीपीयूचा रेझिस्टन्स मुळातच तेवढा कमी असतो. म्हणून घरी मोजताना सॉकेटवरच थांबा, कॉइलवर जाऊ नका.

८ पिनी सॉकेटवर शॉर्ट सापडला तर बोर्ड दुरुस्तीला. १२ व्होल्ट कमी करून प्रोसेसरला एक-सव्वा व्होल्ट देणारी वरची मॉस्फेट शॉर्ट झाली, तर आख्खे १२ व्होल्ट प्रोसेसरमध्ये शिरलेले असू शकतात. अशा बोर्डात ‘बघू तरी’ म्हणून दुसरा चांगला प्रोसेसर बसवला तर तोही जाईल.

नवा एसएमपीएस: वॅटचा आकडा शेवटी वाचा

स्टिकरवरचा मोठा आकडा जाहिरातीसाठी असतो. खालची बारीक अक्षरांतली सारणी वाचा. १२ व्होल्टच्या खाली १५ अँपिअर लिहिलं असेल तर ती बाजू १८० वॅट देते, मग डब्यावर ४५० लिहा नाहीतर ६००. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. चांगल्या ४५० वॅटच्या सप्लायमध्ये १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास दिसतात. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या ऑफिसच्या मशीनला हा पुरून उरतो. कार्ड असेल तर कार्डाच्या कंपनीने सुचवलेला आकडा घ्या. ‘८० प्लस’चा (एटी प्लस) शिक्का कार्यक्षमतेचा असतो, संरक्षणाचा नाही. ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन वेगळं लिहिलंय का बघा. डबा हातात घेतल्यावर पोकळ, हलका लागला तर तो ठेवून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. जुना सप्लाय मॉड्युलर असेल, म्हणजे वायरी त्याच्यापासून सुटत असतील, तर त्याची एकही केबल कॅबिनेटमध्ये ठेवू नका. ‘आधीच छान बांधलेल्या आहेत, नवा डबाच काय तो बदलू’ हा मोह डिस्का मारतो. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण डब्याच्या बाजूचा पिनांचा क्रम कंपनीनिहाय वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळा. कनेक्टर बेमालूम बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. मूळ सप्लाय गेला तेव्हा शाबूत असलेल्या डिस्का असल्या केबलने गेल्याची उदाहरणं कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा. तसंच प्रोसेसरचा ८ पिनी आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनी दिसायला भावंडं, पण पिवळ्या-काळ्या तारा उलट. जोर लावल्याशिवाय बसत नसेल तर तो चुकीचा आहे.

पुन्हा जोडणी, एकेक करून

बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून तो ज्या खोक्यात आला त्या पुठ्ठ्यावर ठेवता आला तर उत्तम. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीज वाहतो. बोर्डावर फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि शक्यतो बोर्डाच्या पिनांना लावायचा छोटा बीप स्पीकर. डिस्क नाही, एसएसडी नाही, यूएसबी काही नाही, कॅबिनेटच्या पुढच्या वायरी नाहीत. एनव्हीएमई एसएसडी बोर्डावरच बसलेली असते म्हणून ती विसरली जाते, एक स्क्रू काढून तीही बाजूला ठेवा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल (इंटेलचे ‘एफ’ अक्षराचे, एएमडीचे बरेच जुने रायझन) तर कार्ड लावावं लागेल, पण आधी त्याच्याशिवाय चालू करून बीप ऐका.

पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावा. पुढे काय होतं त्यावरून:

सप्लाय झटका देऊन बंद होत असेल तर शॉर्ट बोर्डात किंवा प्रोसेसरमध्ये आहे. प्रोसेसरचा ८ पिनी काढून पुन्हा बघा. आता पंखे फिरत राहिले तर दोष प्रोसेसरच्या पॉवर भागात.

काहीच होत नसेल तर बोर्डाचा स्टँडबायचा दिवा लागतोय का बघा, बायोसचा (बोर्डाच्या मूळ सेटिंगचा) सेल काढून मोजा. सीआर २०३२ नवा असताना ३ व्होल्टच्या वर असतो, २.७ च्या खाली असेल तर बदलून टाका.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही: रॅम दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी, मग बायोस क्लिअर. डिस्प्लेसाठी दोन-तीन मिनिटं थांबा, नवे डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा रॅम ‘शिकायला’ बराच वेळ घेतात आणि लोक तेवढ्यात प्लग ओढतात. रॅम काढल्यावरही स्पीकर एकही बीप देत नसेल तर बोर्ड किंवा प्रोसेसर.

डिस्प्ले आला की बायोसमध्ये जाऊन व्होल्टेज आणि तापमान बघा, दहा-पंधरा मिनिटं तसंच चालू ठेवा. मग एकेक गोष्ट जोडा, प्रत्येक वेळी प्लग काढून: उरलेली रॅम, ग्राफिक्स कार्ड, पुढचे यूएसबी. शेवटी, आणि एका वेळी एकच, डिस्क.

डिस्क लावली आणि मशीनच बंद पडली

आमच्या ओळखीतल्या एका अकाउंटंटची मशीन अशीच होती. नवा सप्लाय, बोर्ड चालू, डिस्प्ले व्यवस्थित. डिस्कची पॉवर लावली की पंखा एक गिरकी घेऊन थांबायचा. दुकानाने ‘डिस्क जळली, डेटा गेला’ सांगून मोकळं केलं होतं. साडेतीन इंची डिस्क उलटी करून हिरव्या बोर्डावर पॉवरच्या सॉकेटजवळ पाहिलं तर दोन काळे चौकोनी डायोड शेजारी शेजारी. एका डायोडवर मीटरचा बीप सलग, दोन्ही दिशांनी शून्य ओहम. दुसरा ठीक.

हे टीव्हीएस डायोड. एक १२ व्होल्टच्या लाइनवर, एक ५ च्या. व्होल्टेज फार चढलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि मागचं सर्किट वाचवतात. शॉर्ट झालेला डायोड काढून टाकला की पुष्कळदा डिस्क पुन्हा फिरते, या अकाउंटंटचीही फिरली. पण आता पहारेकरी उरलेला नसतो, म्हणून अशी डिस्क चांगल्या सप्लायवरच लावायची आणि पहिल्या तासात सगळा डेटा दुसरीकडे उतरवायचा. त्यानंतर ती डिस्क कामाला ठेवू नये. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, त्यांच्यासाठी हे दोन मिनिटांचं काम.

डायोड ठीक आणि तरी डिस्क गप्प असेल, तर त्याच मॉडेलच्या डिस्कचा बोर्ड आणून बदलायचा सल्ला मिळतो. आजच्या डिस्कवर तो तसाच चालत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची माहिती बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपेत (काहींत मुख्य चिपेतच) असते आणि ती नव्या बोर्डावर न्यावी लागते. डेटा अनमोल असेल तर इथे थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. डिस्कमधून खडखड आवाज येत असेल तर घरचे सगळे प्रयोग तिथेच बंद.

चालू झाली, पण भरवसा कितपत?

वेदवाक्यासारखा पाळायचा एकच नियम: मशीन चालू झाली की सगळ्यात आधी बॅकअप, तपासण्या नंतर. मग मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही लाल ओळ चालत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर बघा. आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क जायला निघाली. सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर आधी साटाची केबल बदला, बिचाऱ्या डिस्कचा दोष नसतो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ दिसलं की लोक सप्लाय बदलायला धावतात. त्याचा अर्थ इतकाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडली. वीज गेली तरी तीच नोंद होते.

यूएसबीचा प्रत्येक पोर्ट, लॅन आणि ऑडिओ वेगवेगळे तपासा. विजा होत असताना मशीन गेली असेल तर लॅनकडे विशेष लक्ष द्या. वीज कडाडते तेव्हा धक्का बऱ्याचदा सॉकेटमधून नाही तर गच्चीवरून आलेल्या ब्रॉडबँडच्या तांब्याच्या केबलमधून येतो. त्यात राउटर आणि लॅन पोर्ट एकत्र जातात. नुसता लॅन गेला असेल तर काहीशे रुपयांच्या यूएसबी लॅन अडॅप्टरवर काम भागतं, बोर्ड बदलायची गरज नाही.

बोर्ड बदलावाच लागला तर एक खबरदारी: विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्शन चालू असेल तर नव्या बोर्डावर ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाते. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. जुना बोर्ड भंगारात देण्याआधी ती फोनवरून शोधून कागदावर उतरवा.

दुरुस्तीचा हिशेब सरळ आहे. मॉस्फेट बदलून बोर्ड चालू होणार असेल आणि खर्च त्याच पिढीच्या वापरलेल्या बोर्डाच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर करून घ्या. स्वस्तातला एसएमपीएस मात्र दुरुस्त करून पुन्हा लावू नका. जुना डबा ई-कचऱ्यात द्या, साध्या कचऱ्यात नको.

नव्याला जपायचं तर

अर्थिंग आधी, बाकी सगळं नंतर. स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर (व्होल्टेजचा धक्का स्वतःवर घेणारा भाग) अर्थिंग असलं तरच पूर्ण काम करतो, आणि प्रत्येक धक्क्याने झिजतो. त्याचा दिवा लागतोय याचा अर्थ संरक्षण शिल्लक आहे असा नाही. जिथे व्होल्टेज सतत १८० ते २६० असं हेलकावतं तिथे यूपीएस घ्याच, पण सप्लाय ॲक्टिव्ह पीएफसीचा असेल तर स्वस्त यूपीएस किंवा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर जाताना मशीन बंद पडू शकते. प्युअर साइन वेव्हचा घेतला तर ही कटकट राहत नाही. एसएमपीएसच्या पंख्यात साचलेली धूळ वर्षातून दोनदा बाहेरूनच ब्लोअरने उडवा, पंख्याचं पातं काडीने अडवून धरून. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस सुरू झाला की बाहेर जाताना प्लगबरोबर लॅनची केबलही काढून ठेवा.